उचल आणि व्हिसा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी कुशल नोकरदारांसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत ज्या ज्या घरातले मूल तिकडे आहे त्या प्रत्येक घरात काही दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत संगणक अभियंता आहे. त्याचा व्हिसा आधीचा असल्यामुळे त्या शुल्काची झळ त्याला थेट लागणार नव्हती, तरीही त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, संताप काही केल्या शमत नव्हता. दाजींची कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगची फाउंड्री आहे. भट्टीवर आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, त्यांच्याकडे बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली मुले आहेत. काम करायला आलेल्या माणसाला जो दारातच अडवतो तो स्वतःचेच नुकसान करून घेतो, हे त्यांचे मत अमेरिकेबद्दलही आहे आणि कुपवाडबद्दलही.

त्यांच्याशी हुज्जत घालणारे तात्या हे आमच्या गल्लीतले निवृत्त मोल्डर. त्यांचे सारे आयुष्य साच्याच्या मातीत गेले. तात्यांचे मत नेमके उलटे आहे आणि तेही दोन्हीकडे सारखेच लागू करतात. "तुमचं पोरगं तिकडं गेलं याचा मला आनंदच आहे, पण तिथल्या माणसाचं पोट दुखत असेल तर त्यात खोटं काय?" असे ते दाजींना तोंडावर विचारतात. स्थलांतराच्या वादात समोरच्याला दुटप्पी ठरवून मोकळे होण्याची सोय असते. इथे तीही नाही. एक मालक आहे, एक मजूर होता, आणि दोघेही आपापल्या जागेवरून जे दिसते तेच सांगत आहेत. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षे एका सहकारी बँकेत कर्जखाती पाहिली, त्यामुळे दोघांचे ऐकताना माझे लक्ष पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो याकडे जास्त जाते.

बाहेरून माणसे आली की स्थानिकांची मजुरी पडते का, हा प्रश्न जगात जितक्या बारकाईने तपासला गेला आहे तितके क्वचितच दुसरे काही तपासले गेले असेल. त्यातली सर्वांत गाजलेली घटना क्यूबाची आहे. १९८० च्या एप्रिलमध्ये फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने मारिएल हे बंदर देश सोडून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी खुले केले आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसे मिळेल त्या होडीतून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली. त्यातली निम्म्याच्या आसपास मायामीत राहिली. काही महिन्यांत एका शहरातले काम करणारे हात सुमारे सात टक्क्यांनी वाढले, आणि तेही बहुतांशी अल्पशिक्षित. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा या शहरांशी मायामीची तुलना करून १९९० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मायामीतल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर या लोंढ्याचा जवळपास काहीच परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, ते याच धर्तीच्या कामासाठी.

पण त्याच आकडेवारीकडे जॉर्ज बोर्हास यांनी पुन्हा पाहिले. ते हार्वर्डचे प्राध्यापक असून स्वतः हवानात जन्मलेले आहेत आणि १९६२ मध्ये लहानपणीच आईबरोबर अमेरिकेत आले. त्यांनी सगळे अल्पशिक्षित एकत्र न धरता शाळा अर्धवट सोडलेले, लॅटिन अमेरिकी वंशाचे नसलेले, कामाच्या वयाचे पुरुष तेवढे वेगळे काढले, आणि त्यांची मजुरी दहा ते तीस टक्क्यांनी घसरली असे मांडले. त्यावर आक्षेप आला की इतके बारीक चाळल्यावर पाहणीतली माणसे वर्षाला जेमतेम काही डझन उरतात, शिवाय नेमक्या त्याच काळात पाहणीतले कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण वाढले होते, तेव्हा घसरण मजुरीची आहे की मोजणीची हेच सांगता येत नाही. घटनेला पंचेचाळीस वर्षे झाली, दोन्ही बाजूंना नावाजलेली माणसे आहेत, आणि निकाल लागलेला नाही. हे सारे मी तात्यांना समजेल असे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाद एवढाच ना, की शाळा सुटलेला माणूस मेला का नुसता जखमी झाला?" अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये या विषयावर जो जाडजूड अहवाल काढला, त्याचा सारांश तात्यांच्या वाक्यापासून फार दूर नाही. दीर्घकाळात स्थानिकांच्या एकूण मजुरीवर परिणाम अगदी थोडा; आणि जो तोटा दिसतो तो मुख्यतः आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शाळा अपुरी राहिलेल्या स्थानिकांना.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या पिढीतल्या स्थलांतरितांचा खर्च, विशेषतः त्यांच्या मुलांच्या शाळांचा, राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर पडतो. पुढे तीच मुले मोठी झाली की करदात्यांमधली सर्वांत जास्त भर घालणारी पिढी ठरतात, पण तोवर वर्षे गेलेली असतात आणि माणसे बहुधा दुसऱ्या गावी गेलेली असतात. खर्च एका गल्लीचा आणि मिळकत साऱ्या देशाची, असा हा हिशेब आहे. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातले बॉस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचे गाव याचे ठळक उदाहरण आहे. २००४ नंतर पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया या देशांतून तिथे शेतात आणि पॅकिंगच्या शेडमध्ये काम करायला माणसे आली, त्यांच्या हातांनी निवडलेली कोबी देशभर स्वस्तात मिळाली, आणि दवाखान्यातली रांग मात्र बॉस्टनमध्येच वाढली. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडावा असे सर्वाधिक प्रमाणात याच गावाने सांगितले, चारातल्या तिघांनी. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांना अडाणी म्हटले. कुपवाडच्या ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ मुले राहतात आणि नळाला पाणी तेवढेच येते, तिथल्या बाईने तक्रार केली तर तिलाही असेच म्हणणारे विश्रामबागेत पुष्कळ आहेत.

मात्र तात्यांचे म्हणणे नीट ऐकले तर त्यांचा राग संख्येवर नाही, असे मला दिसू लागले. त्यांच्या तरुणपणीही कुपवाड-मिरजेच्या फाउंड्र्यांत जतेतली, विजापूरकडची, सोलापूरकडची माणसे होती आणि त्यांच्याबद्दल ते प्रेमानेच बोलतात, कारण ती माणसे पगार पटला नाही तर रस्त्यापलीकडच्या फाउंड्रीत जात आणि तात्यांच्या युनियनची वर्गणीही भरत. आता ठेकेदार एका फोनवर वीस मुले रेल्वेने आणतो. तिकिटाचे पैसे, खोलीचे भाडे, घरी पाठवलेली पहिली रक्कम, हे सगळे मुलांच्या नावावर आधीच मांडलेले असते. ते फिटेपर्यंत ती मुले कुठे जाणार? "ही पोरं ठेकेदाराची आहेत, बाजारातली न्हवंत," हे तात्यांचे वाक्य मला मायामीवरच्या दोन्ही निबंधांपेक्षा जास्त उपयोगाचे वाटते. मायामीत उतरलेल्या क्यूबन माणसाला अमेरिकेत हव्या त्या मालकाकडे काम करता येत होते. म्हणून स्थलांतराने मजुरी पडते की नाही हे विचारण्याआधी, आलेल्या माणसाला मालक बदलता येतो की नाही हे विचारले पाहिजे, असे माझे मत बनत गेले आहे. ज्याला सोडून जाता येत नाही त्याची मजुरी वाढत नाही, आणि त्याच्या शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या स्थानिकाचीही वाढत नाही.

या बाबतीत आम्हा सांगली-सातारकरांना अमेरिकेकडे पाहायची गरज नाही, कारण ऊसतोडीचा सारा व्यवहारच उचलीवर, म्हणजे कामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेवर, उभा आहे. गळीत हंगामाच्या आधी साखर कारखान्याच्या हमीवर बँक तोडणी-वाहतूकदाराला कर्ज देते, वाहतूकदार त्यातून मुकादमाला पैसे देतो, आणि मुकादम बीड, अहिल्यानगर किंवा आमच्याच जतच्या बाजूच्या जोड्यांना उचल वाटतो. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. एका कोयत्यामागे आता लाखाच्या आसपास रक्कम जाते. मी या कर्जांची कागदपत्रे तपासली आहेत. त्यात वाहतूकदार असतो, जामीनदार असतात, कारखान्याचे हमीपत्र असते, ट्रॅक्टरचे तारण असते. ज्यांच्या श्रमांवर हे सगळे कर्ज फिटणार त्या जोडीचे नाव त्या कागदावर कुठेही नसते. तिचे खाते मुकादमाच्या वहीत. आजारी पडून काम बुडाले की खाडा लागतो, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी उचल फिटलेली नसेल तर बाकी पुढच्या सालात ओढली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, सरकारला समिती नेमावी लागली, आणि पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही हे कारण त्या बायकांनीच सांगितले. उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मी जवळून पाहिली आहे. उचल घेऊन मुकादम पळून गेला आणि वाहतूकदाराचा ट्रॅक्टर ओढून आणावा लागला, अशी प्रकरणे दर हंगामात होतात, आणि कर्जबाजारी झालेला तो वाहतूकदार वाळव्याचा किंवा कराडचा साधा शेतकरी असतो.

अमेरिकेतही हा प्रयोग होऊन गेला आहे. १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोतल्या शेतमजुरांना ठरावीक मुदतीसाठी आणण्याची ब्रासेरो नावाची सरकारी योजना होती. ऐन भरात वर्षाला चार लाखांहून अधिक माणसे तिच्यातून येत. मजूर ज्या मालकाच्या नावावर आला त्याच्याच शेतात राबणार, तक्रार केली की परत पाठवणी. स्थानिकांची मजुरी या माणसांमुळे दबली आहे, ती गेली की वाढेल, असा युक्तिवाद करून १९६४ च्या अखेरीस योजना बंद केली गेली. पुढे काय झाले हे मायकल क्लेमन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तपासले: ज्या राज्यांत ब्रासेरो पुष्कळ होते तिथली मजुरी इतर राज्यांपेक्षा काही विशेष वाढली नाही. शेतकऱ्यांनी माणसाऐवजी यंत्र आणले आणि जिथे यंत्र चालत नव्हते तिथे पीक कमी केले. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कृषी संशोधकांनी टोमॅटो तोडणारे यंत्र आणि त्या यंत्राला सोसेल असा, जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटो या दोन्ही गोष्टी आधीच तयार करून ठेवल्या होत्या. पाच-सहा वर्षांत तिथला प्रक्रियेचा जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. आमच्याकडे कोटभर रुपयांचे ऊसतोडणी यंत्र आणि त्यावर सरकारी अनुदान आले आहे, आणि यंत्र फिरावे म्हणून सरी साडेचार-पाच फुटांची ठेवा असे कारखान्याचे शेती खाते सांगते, तेव्हा मला तो टोमॅटो आठवतो. मजूर हाकलल्याने मजुरी वाढते असे मानणाऱ्या पुढाऱ्यांनी, आपल्याकडच्याही, हा निबंध वाचायला हरकत नाही.

पण ब्रासेरोंची गोष्ट तिथे संपत नाही, आणि द्राक्षाच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून पुढचा भाग मला मोलाचा वाटतो. योजना बंद झाल्यानंतर वर्षही झाले नव्हते, तेव्हा ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावाच्या द्राक्षबागांत संप सुरू झाला. तो सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली, आणि आठवडाभराने सेझार चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात सामील झाली. पाच वर्षे संप आणि द्राक्षांवर बहिष्कार चालला, आणि १९७० मध्ये बागायतदारांनी करार केले. संपकरी फिलिपिनो हे तिथे बाहेरचेच होते. फरक इतकाच की त्यांना काम सोडून बागेच्या बांधावर उभे राहता येत होते, आणि त्यांच्या जागी बसवायला मालकाच्या नावाने आणलेला, तोंड न उघडणारा मजूर आता सरकार पुरवत नव्हते. नुसत्या टंचाईने जे झाले नाही ते बाहेरून आलेल्यांनीच संघटित होऊन करून घेतले.

भाच्याशी याच विषयावर बोलणे झाले तेव्हा तो आधी हसला. वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्या माणसाची ऊसतोड्याशी तुलना त्याला ओढून ताणून केलेली वाटली, आणि पगाराच्या, सुखसोयींच्या बाबतीत ती तशी आहेच. मग तो म्हणाला, "मामा, पण इथं नोकरी गेली तर नवीन मिळवायला साठ दिवस असतात. तेवढ्यात नाही मिळाली तर मुलीला शाळेतून काढून परत यायचं." एच-वन-बीवर नोकरी बदलता येते, कायद्याने तशी मोकळीक आहे. पण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यातली एका देशाला साधारण सात टक्केच, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. आणि मालक बदलला की बरीचशी कागदपत्रे नव्याने करावी लागतात. तेव्हा पगारवाढ मागताना भाचा जरा हळू आवाजात मागतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अमेरिकी सहकाऱ्याची तक्रार हीच असावी: माणूस आला म्हणून नव्हे, तर तो हळू आवाजात मागतो म्हणून. एक लाख डॉलरच्या शुल्काने यातले काय बदलणार? ज्या कंपनीने ते भरले ती त्या माणसाला अधिकच घट्ट धरून ठेवील.

उलट दिशेचे उदाहरण साताऱ्याचे आहे. पाटण, जावळी, कराडच्या डोंगराळ गावांतली माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहायला गेली, तेव्हा तीही मुकादमाच्या तोंडाकडे पाहूनच जगत होती. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने कामगाराचे नाव माथाडी मंडळाकडे नोंदवले, व्यापाऱ्याला मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, मंडळात भरायला लावली, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवापाणी यांची सोय केली. गोणी कुणाचीही असो, पगार मंडळाकडून. परगावच्या मजुराला मालकाच्या खुंटीपासून सोडवणारा इतका कल्पक कायदा मला तरी दुसरा माहीत नाही, आणि त्याच्या आधारावर पाटणच्या खोऱ्यात घरे उभी राहिली हे तिकडे फिरणाऱ्या कुणालाही दिसेल. दोषही त्यात शिरले. बोगस माथाडींच्या नावाने होणारी वसुली हा एक. आणि टोळीत नव्या माणसाला शिरणे अवघड झाले, हा दुसरा. जे आधी आले त्यांनी आत आल्यावर दार लावून घेतले.

हा दुसरा दोष योगायोगाचा नाही, हे संयुक्त अरब अमिरातीच्या अनुभवावरून कळते. तिथे परदेशी कामगाराला करार संपल्यावरही जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. २०११ पासून ती अट शिथिल झाली. अभ्यासकांनी वेतनाच्या नोंदी तपासल्या तेव्हा आधीपासून असलेल्या कामगारांची कमाई वाढलेली दिसली, आणि गंमत म्हणजे सोडून जाण्याची मुभा मिळाल्यावर मालकाकडे टिकून राहणाऱ्यांचे प्रमाणही वाढले, कारण देश सोडून परतणारे कमी झाले. पण त्याबरोबरच नव्या परदेशी कामगारांची मागणी घटली आणि त्यांना मिळणारा पगारही उतरला. बांधलेला माणूस स्वस्त पडतो म्हणूनच मालक तो दुरून आणत असतो. त्याला मोकळे केले की आत असलेल्याचे भले होते, आणि दरभंग्याच्या किंवा बीडच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याची संधी कदाचित हुकते. माझ्या मताची ही किंमत आहे, आणि ती मी देणार नाही, तो फलाटावरचा मुलगा देणार आहे. तरीही माझे मत तेच आहे.

दाजींनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग धंद्याचा प्रश्न विचारला. त्यांनी हाताखाली घेऊन तयार केलेला मुलगा मध्येच उठून चाकणला गेला तर शिकवण्याचा खर्च कुणाचा? पुण्याचे गिऱ्हाईक कास्टिंगला किलोमागे दोन रुपये वाढवून द्यायला तयार नाही, नाही म्हटले तर ऑर्डर राजकोटला जाते. हे खोटे नाही, मी त्यांचा ताळेबंद पाहिलेला आहे. तात्यांनी त्यावर "मग पगार वाढवा, पोरगं जाणार नाही," असे सांगितले आणि दोघांचे पुन्हा जुंपले. एवढे मात्र झाले की ठेकेदाराला बाजूला ठेवून मुलांच्या खात्यावर थेट पगार जमा करायला दाजी तयार झाले. अडले ते उचलीपाशी. छठपूजेला गावी जाताना किंवा घरी लग्न निघाले की या मुलांना एकरकमी पैसे लागतात आणि ते आज ठेकेदाराशिवाय कुणी देत नाही. ते कर्ज बँकेने मुलाच्या स्वतःच्या नावावर द्यावे, म्हणजे नोकरी बदलली तरी हप्ता त्याच्याबरोबर जाईल, असे मी सुचवले आणि एका बँकेत विचारूनही आलो. त्यांना दोन स्थानिक जामीनदार हवेत. एक दाजी झाले तर मुलगा पुन्हा दाजींशी बांधला जातो, म्हणून ते नकोत, हे मीच त्यांना सांगितले. तात्या एका मुलाला जामीन राहायला तयार आहेत. दुसरा जामीनदार शोधतो आहोत.